मेलॅनोमाच्या गाठीतल्या रोगप्रतिकारक पेशी आणि जीन एक्स्प्रेशन: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

एमएस्सीचा प्रकल्प असो, पीएचडीचं पहिलं वर्ष असो किंवा एमडी पॅथॉलॉजीचा प्रबंध, मेलॅनोमाच्या (त्वचेला रंग देणाऱ्या पेशींच्या कर्करोगाच्या) गाठीतल्या रोगप्रतिकारक पेशींवर काम सुरू करायला आज पैसा फारसा लागत नाही. डेटा फुकट मिळतो, सॉफ्टवेअर फुकट मिळतं. अवघड जातं ते मिळालेल्या आकड्याचा अर्थ लावणं. गाठीच्या तुकड्यातून काढलेल्या आरएनएमध्ये कर्करोगाच्या पेशी, टी पेशी, मॅक्रोफेज, फायब्रोब्लास्ट, रक्तवाहिन्यांच्या पेशी असा सगळ्यांचा आरएनए एकत्र आलेला असतो. त्यामुळे एखादं जीन ‘वाढलेलं’ दिसलं की लगेच विचारायचं: ते जीन पेशीच्या आत जास्त चालू झालंय, की ते जीन वापरणाऱ्या पेशीच संख्येने जास्त आल्यात? पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका प्रश्नाभोवती रचल्या आहेत.

## १. आधी प्रश्न एका वाक्यात लिहा

‘मेलॅनोमातल्या इम्यून जीन्सचा अभ्यास’ हा प्रश्न होत नाही, तो विषय झाला. ‘लसिकाग्रंथीत न पसरलेल्या, त्वचेखालच्या मेटास्टॅसिसमध्ये (मूळ जागेपासून पसरून झालेल्या गाठीत) सीडी८ टी पेशी, म्हणजे मारक टी पेशी, जास्त असलेल्या आणि कमी असलेल्या गाठींत कर्करोगाच्या पेशींची कोणती जीन्स वेगळी दिसतात?’ हा प्रश्न झाला. त्यात कोणता नमुना, कोणती पेशी आणि कशाची कशाशी तुलना हे तिन्ही आहे. ही तीन उत्तरं कागदावर उतरल्याशिवाय डेटा डाउनलोड करू नका. एकदा फाइल हातात आली की जे सहज करता येतं तेच प्रश्न म्हणून पुढे येतं आणि सहा महिन्यांनी गाइड विचारतात, ‘हे कशासाठी केलं?’

## २. काय काय जवळ हवं

साधनं:

- १६ जीबी रॅमचा लॅपटॉप. बल्क डेटासाठी (सगळ्या पेशींचा आरएनए एकत्र मोजलेला) आणि इथे सांगितलेल्या छोट्या सिंगल सेल डेटासाठी (एकेका पेशीचा वेगळा मोजलेला) पुरतो. लाखभर पेशींचा डेटा असेल तर संस्थेचा सर्व्हर किंवा क्लस्टर लागेल.
- आर ही भाषा आणि तिच्यातला बायोकंडक्टर हा पॅकेजसंच; पायथन येत असेल तर स्कॅनपाय. दोन्ही एकदम शिकू नका. सिंगल सेलसाठी आरमधलं सुरा (Seurat) हे पॅकेज पुरेसं आहे.
- गिटवर ठेवलेला कोड आणि प्रत्येक पॅकेजची आवृत्ती नोंदवलेली फाइल.

कागदपत्रं:

- सार्वजनिक, ओळख काढून टाकलेल्या डेटावर काम असलं तरी संस्थेच्या एथिक्स कमिटीकडून ‘पुनरावलोकनातून सूट’ असं पत्र घ्या. बऱ्याच ठिकाणी प्रबंध जमा करताना ते मागतात, आणि मागल्या तारखेचं पत्र कोणी देत नाही.
- जीनवार मोजणीच्या फायली खुल्या असतात. रुग्णाचा कच्चा सिक्वेन्स हवा असेल तर अमेरिकेच्या डीबीगॅप या नियंत्रित डेटा-भांडाराकडे अर्ज करावा लागतो. तो विद्यार्थ्याच्या नावाने होत नाही. कायम नोकरीतला संशोधक आणि संस्थेचा अधिकृत सही करणारा अधिकारी दोघांची खाती लागतात. पहिल्या प्रकल्पासाठी शक्यतो या वाटेला जाऊ नका. मोजणीच्या फायलींवर भरपूर काम होतं.
- स्वतःच्या रुग्णालयातले नमुने वापरणार असाल तर एथिक्स कमिटीची पूर्ण मंजुरी लागते. आयसीएमआरच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांमध्ये साठवलेल्या ऊतींबद्दल आणि संमतीबद्दल स्वतंत्र भाग आहे, तो अर्ज लिहिण्याआधी वाचा.

## ३. टीसीजीए उघडताना

बहुतेक जण टीसीजीए या कर्करोगाच्या नमुन्यांवरच्या अमेरिकी जनुकीय प्रकल्पातल्या ‘एसकेसीएम’ या त्वचेच्या मेलॅनोमाच्या संचापासून सुरुवात करतात आणि ते योग्यच आहे. सुमारे ४७० रुग्ण, आरएनए सिक्वेन्सिंग, म्युटेशन, क्लिनिकल माहिती, सगळं एका ठिकाणी. यावरचा मूळ शोधनिबंध २०१५ मध्ये ‘सेल’ नियतकालिकात आला. त्यात ३३१ रुग्णांच्या ३३३ गाठींच्या आधारे बीआरएएफ, आरएएस, एनएफ१ या जीन्समध्ये म्युटेशन असलेले तीन आणि तिन्हींत नसलेला एक असे चार जनुकीय गट मांडले, आणि जीन एक्स्प्रेशनवरून इम्यून, केराटिन आणि एमआयटीएफ-लो (एमआयटीएफ हे जीन कमी चालू असलेला) असे तीन.

पण या संचाची घडण इतर कर्करोगांच्या संचांपेक्षा वेगळी आहे, आणि नवख्यांचे बहुतेक घोटाळे इथेच होतात.

मूळ गाठी थोड्या आहेत. शंभरेक मूळ गाठी सोडल्या तर बाकी सगळे नमुने मेटास्टॅसिसचे आहेत. नमुन्याच्या ओळख-क्रमांकाच्या, म्हणजे बारकोडच्या, चौथ्या भागातला आकडा बघा: ०१ म्हणजे मूळ गाठ, ०६ म्हणजे मेटास्टॅसिस, ११ म्हणजे सामान्य ऊती. दुसऱ्या कर्करोगासाठी लिहिलेला कोड उचललात तर तो फक्त ०१ ठेवतो आणि तीन चतुर्थांशांहून जास्त रुग्ण गुपचूप गळून जातात. मूळ गाठीही जाड असतात, कारण निदानासाठी पुरेशी ऊती वापरून उरलेला तुकडा गोठवता येईल एवढी गाठ मोठी असावी लागते. पातळ, लवकर सापडलेला मेलॅनोमा या संचात जवळजवळ नाहीच.

सामान्य त्वचेचा नमुना फक्त एक आहे. त्यामुळे ‘गाठ विरुद्ध सामान्य’ ही तुलना इथे होत नाही. मग लोक जीटेक्स या सामान्य ऊतींच्या प्रकल्पातली निरोगी त्वचा आणून जोडतात. दोन प्रकल्पांच्या प्रक्रियेतला फरक तर त्यात येतोच, पण त्याहून मोठी अडचण जीवशास्त्राची आहे. सामान्य त्वचा म्हणजे प्रामुख्याने केराटिनोसाइट (केराटिन बनवणाऱ्या पेशी). मेलॅनोमा मेलॅनोसाइटपासून (रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींपासून) होतो. तुलनेतून केआरटी५, केआरटी१४ ही केराटिनची जीन्स घटलेली आणि पीमेल, एमएलएएनए ही मेलॅनोसाइटची जीन्स वाढलेली दिसतात. यातून कर्करोगाबद्दल काहीच कळलेलं नसतं, दोन वेगळ्या पेशी वेगळ्या आहेत एवढंच कळतं. अशा यादीवर आधारलेले शोधनिबंध छापून आले आहेत, म्हणून ही पद्धत योग्य ठरत नाही.

लसिकाग्रंथी. जवळपास निम्मे नमुने जवळच्या लसिकाग्रंथीतल्या मेटास्टॅसिसचे आहेत. लसिकाग्रंथी हे टी आणि बी पेशींचं घरच आहे. तुकडा कापताना ग्रंथीचा थोडा भाग आला तरी तो नमुना ‘इम्यून-हाय’ ठरतो. तुम्ही गाठींचे गट पाडलेत आणि इम्यून गटात बहुतांश लसिकाग्रंथीचेच नमुने गेले, तर तुम्ही नमुना कुठून घेतला तेच पुन्हा शोधलंय. क्लिनिकल फायलीत ऊतीच्या जागेचा रकाना असतो. तो पहिल्याच दिवशी जोडून घ्या, प्रत्येक आलेखात रंग म्हणून वापरा आणि मुख्य निष्कर्ष लसिकाग्रंथीचे नमुने वगळून पुन्हा तपासा. या एका सवयीने जितकं काम वाचतं तितकं दुसऱ्या कशाने वाचत नाही.

डाउनलोडबद्दल थोडक्यात: २०२२ मध्ये जीडीसीने (टीसीजीएचा डेटा देणाऱ्या केंद्राने) मोजणीची पद्धत बदलली. जुन्या शिकवण्यांमध्ये ‘एचटीसेक – काउंट्स’ लिहिलेलं असतं, ते आता चालत नाही. ‘स्टार – काउंट्स’ मागा. त्या फाइलमध्ये मोजणीचे तीन रकाने असतात. टीसीजीएचा डेटा अनस्ट्रँडेड आहे (आरएनए डीएनएच्या कोणत्या धाग्यावरून आला ते त्यात कळत नाही), तेव्हा ‘अनस्ट्रँडेड’ नावाचाच रकाना घ्या. कोड लिहायचा नसेल तर यूसीएससी झीना किंवा सीबायोपोर्टलवरून तयार तक्ते मिळतात. फक्त त्यातले आकडे आधीच लॉगमध्ये आहेत का ते वर्णनात वाचा.

## ४. बल्क डेटाची साफसफाई

इथे फार रेंगाळू नका. फरक शोधायला डीईसेक२, एजआर किंवा लिमा यांपैकी कोणतंही एक शिका आणि त्याला कच्ची पूर्णांक मोजणी द्या. टीपीएम (जीनची लांबी आणि नमुन्यातली एकूण मोजणी यांनुसार सुधारलेला आकडा) देऊ नका. पेशींचं प्रमाण काढणाऱ्या साधनांना मात्र बहुधा टीपीएम लागतो, तोही लॉग न घेतलेला. जीन्सची यादी एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका. मार्च१, सेप्ट२ अशा नावांच्या तारखा होतात. याच कारणाने २०२० मध्ये त्या जीन्सची नावं मार्चएफ आणि सेप्टिन अशी बदलली गेली, त्यामुळे जुन्या-नव्या याद्या जुळवताना तीही बघावी लागतात.

## ५. मिश्रणातून पेशींचा अंदाज काढणं

कुटून झालेल्या गोड्या मसाल्याचा वास घेऊन त्यात दगडफूल किती पडलं हे ओळखण्यासारखं हे काम आहे. अनुभवी नाक जवळ जातं, पण नेमका तोळा सांगत नाही.

सिबरसॉर्ट (२०१५) यात सर्वांत प्रसिद्ध. त्याची एलएम२२ नावाची संदर्भसूची २२ प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशींसाठी ५४७ जीन्स वापरते. शिवाय एमसीपी-काउंटर, एक्ससेल, एपिक, क्वांटिसेक आहेत. इम्यूनडीकॉन्व्ह या आर पॅकेजमधून यातली बरीचशी एकाच साच्यात चालवता येतात. नवखे चुकतात ते चालवण्यात नाही, आकड्याच्या जातीत:

- सिबरसॉर्टचा नेहमीचा निकाल म्हणजे रोगप्रतिकारक पेशींमधले आपापसातले वाटे. त्यांची बेरीज १ होते. गाठीत एकूण पाच टक्के रोगप्रतिकारक पेशी असोत की पन्नास टक्के, बेरीज १ च. म्हणून ‘या रुग्णात सीडी८ जास्त आहेत’ असं त्यावरून म्हणता येत नाही, ‘रोगप्रतिकारक पेशींमध्ये सीडी८चा वाटा जास्त आहे’ एवढंच म्हणता येतं.
- एमसीपी-काउंटर आणि एक्ससेल गुण देतात. एकाच पेशीची दोन रुग्णांमध्ये तुलना चालते. एकाच रुग्णात टी पेशींचा गुण ८ आणि बी पेशींचा ४ म्हणून टी पेशी दुप्पट, असं होत नाही.
- एपिक आणि क्वांटिसेक एकूण ऊतीतला वाटा देतात, त्यामुळे दोन्ही तुलना शक्य. एपिकचा गाठींसाठीचा संदर्भ मेलॅनोमाच्याच सिंगल सेल डेटावरून बांधलेला आहे, हे आपल्या फायद्याचं. पण त्याच डेटावर एपिकची परीक्षा घेतलीत तर ती परीक्षा ठरत नाही.

एलएम२२ च्या एम१ (दाह वाढवणाऱ्या), एम२ (दाह शमवणाऱ्या) मॅक्रोफेजवर मोठे दावे करू नका. गाठीतल्या खऱ्या मॅक्रोफेजमध्ये दोन्हींची लक्षणं एकत्र सापडतात. दोन वेगळ्या पद्धतींनी एकच दिशा दाखवली तरच ओळ लिहा, असा नियम स्वतःला घालून घ्या.

आणि एक सोपी मोजपट्टी सोबत ठेवा: जीझेडएमए आणि पीआरएफ१ या दोन जीन्सच्या टीपीएमची भूमितीय सरासरी. मारक पेशी किती कामावर आहेत याचा तो साधा निर्देशक आहे, २०१५ पासून वापरात आहे. तुमच्या गुंतागुंतीच्या पद्धतीचा निकाल या दोन जीन्सशी अजिबातच जुळत नसेल तर आधी कोड तपासा.

## ६. सिंगल सेल: पेशी सुट्या करून बघणं

सुरुवातीला जीईओ या खुल्या डेटा-भांडारातला जीएसई७२०५६ हा संच घ्या. २०१६ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेला, १९ रुग्णांच्या ४,६४५ पेशींचा. लहान आहे, लॅपटॉपवर मिनिटांत उघडतो, आणि लेखकांनी कोणती पेशी कर्करोगाची ते आधीच लिहून ठेवलंय. फाइलच्या वरच्या तीन ओळी जीन्सच्या नाहीत हे लक्षात ठेवा: गाठीचा क्रमांक, पेशी कर्करोगाची आहे का, आणि नसेल तर कोणत्या प्रकारची. ‘१’ म्हणजे कर्करोगाची नाही, ‘२’ म्हणजे आहे. उलट धरणारे बरेच भेटतात. आकडे आधीच लॉगमध्ये आहेत, त्यावर सुराची नेहमीची नॉर्मलायझेशन पुन्हा चालवू नका.

मग पेशी ओळखा. माझ्या वहीतली कामचलाऊ यादी अशी: टी पेशींना सीडी३डी, त्यातल्या मारक पेशींना सीडी८ए, नियंत्रक पेशींना फॉक्सपी३, बी पेशींना एमएस४ए१ आणि सीडी७९ए, एनके पेशींना केएलआरडी१ आणि एनकेजी७ (दुसरं मारक टी पेशींतही असतं, म्हणून सीडी३डी नसल्याची खात्री करा), मॅक्रोफेजना सीडी६८ आणि सीडी१६३, फायब्रोब्लास्टना सीओएल१ए१, रक्तवाहिन्यांना पेकॅम१, मेलॅनोमाला पीमेल, एमएलएएनए, टीवायआर.

या यादीवर आंधळा विश्वास ठेवू नका. सीडी४चा आरएनए टी पेशीत इतका कमी असतो की बऱ्याच पेशींत तो शून्य येतो, आणि मॅक्रोफेजमध्ये मात्र तो सहज दिसतो. म्हणून ‘सीडी४ आहे’ म्हणजे मदतनीस टी पेशी, असं धरू नका. उलट बाजूने, सगळ्या मेलॅनोमा पेशी रंगद्रव्याची जीन्स दाखवत नाहीत. एमआयटीएफ कमी आणि एएक्सएल, एनजीएफआर जास्त अशा अवस्थेत गेलेल्या पेशी फायब्रोब्लास्टसारख्या भासतात. त्यांना ओळखायला इनफरसीएनव्हीसारखं साधन वापरा. ते शेजारशेजारच्या जीन्सची सरासरी घेऊन गुणसूत्राचा कोणता भाग वाढलाय किंवा गळालाय याचा अंदाज देतं. संदर्भ म्हणून त्याच रुग्णांच्या टी आणि बी पेशी द्या. मेलॅनोमात ७वं गुणसूत्र वाढणं, ९पी आणि १० गळणं वारंवार दिसतं.

सारख्या पेशी जवळजवळ मांडणारा नकाशा काढल्यावर रोगप्रतिकारक पेशी प्रकारानुसार एकत्र बसतात आणि कर्करोगाच्या पेशी रुग्णानुसार वेगवेगळ्या बेटांवर. हे पाहून घाबरून हार्मनी (नमुन्यांमधले फरक पुसून डेटा एकत्र करणारं साधन) चालवायची गरज नाही. प्रत्येक रुग्णाची गुणसूत्रं वेगळी बिघडलेली असतात, म्हणून बेटं वेगळी. ती जबरदस्तीने एकत्र केलीत तर अभ्यासायचा फरकच पुसला जातो. एकत्रीकरण रोगप्रतिकारक पेशींपुरतं ठेवा.

पुढचा धोका प्रमाणांचा. या संचातल्या पेशी सीडी४५ या रोगप्रतिकारक पेशींवर असणाऱ्या प्रथिनावरून निवडून घेतल्या होत्या. रोगप्रतिकारक आणि इतर अशा वेगळ्या काढून प्लेटमध्ये भरल्या होत्या. म्हणून ‘या गाठीत ६० टक्के टी पेशी’ हे विधान गाठीबद्दल काही सांगत नाही, निवड कशी केली तेवढंच सांगतं. २०१८ चा जीएसई१२०५७५ हा संच तर पूर्णपणे सीडी४५ असलेल्या पेशींचा आहे: ३२ रुग्णांचे ४८ नमुने, १६,२९१ पेशी, सगळ्यांवर चेकपॉइंट उपचार (टी पेशींवरचा ब्रेक काढणारी औषधं). त्यात कर्करोगाची पेशी शोधत बसू नका. टी पेशींच्या अवस्था शिकायला मात्र तो उत्तम आहे. ज्यांच्या गाठी उपचाराला प्रतिसाद देतात त्यांच्यात टीसीएफ७ असलेल्या, अजून ताज्या दमाच्या सीडी८ पेशी जास्त, आणि ज्यांच्या देत नाहीत त्यांच्यात पीडीसीडी१, एलएजी३, एचएव्हीसीआर२ एकत्र दाखवणाऱ्या थकलेल्या पेशी जास्त, हे या अभ्यासातून पुढे आलं.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट संख्याशास्त्राची. दहा हजार पेशी म्हणजे दहा हजार पुरावे होत नाहीत. एकाच रुग्णाच्या पेशी एकमेकींसारख्या असतात. प्रत्येक पेशी स्वतंत्र धरून चाचणी लावली की पी-व्हॅल्यू हास्यास्पद लहान येते आणि एका रुग्णाचं वैशिष्ट्य रोगाचं वैशिष्ट्य म्हणून लिहिलं जातं. प्रत्येक रुग्णातल्या एका प्रकारच्या पेशींच्या मोजण्या बेरीज करून स्यूडोबल्क तयार करा आणि त्यावर डीईसेक२ चालवा. नमुन्यांची संख्या म्हणजे रुग्णांची संख्या. जीएसई७२०५६ मध्ये कच्ची मोजणी नसून लॉगमधला टीपीएम आहे, तिथे रुग्णवार सरासरी काढून लिमा वापरा.

आता पहिल्या प्रश्नाकडे या. बल्कमध्ये ‘वाढलेल्या’ जीन्सची यादी घ्या आणि प्रत्येक जीन सिंगल सेलमध्ये कोणत्या पेशीत बोलतं ते बघा. निम्मी यादी ‘टी पेशी जास्त आल्या’ एवढ्याच वाक्यात मिटते. उरलेल्या जीन्सवर वेळ घाला.

## ७. जगण्याच्या कालावधीचे आलेख

टीसीजीएमध्ये जगण्याचा कालावधी पहिल्या निदानापासून मोजलेला आहे. पण नमुना पुष्कळदा मेटास्टॅसिसचा, म्हणजे निदानानंतर काही वर्षांनी घेतलेला. तोवर तो रुग्ण जिवंत होता म्हणूनच नमुना मिळाला. ही मधली वर्षं गाठीच्या जीन्सच्या खात्यावर जमा करणं चूक आहे. नमुन्याच्या निदानापर्यंतच्या दिवसांचा रकाना क्लिनिकल फायलीत आहे. तिथून पुढचा काळ मोजा. २०१५ च्या मूळ निबंधातही तसंच केलेलं आहे.

शिवाय सीडी८ए ‘जास्त’ आणि ‘कमी’ यांची सीमा आलेख छान दिसेपर्यंत सरकवू नका. मध्यक ठरवा किंवा सलग आकडा कॉक्स मॉडेलमध्ये (जगण्याच्या कालावधीच्या संख्याशास्त्रीय मॉडेलमध्ये) घाला, वय आणि रोगाच्या टप्प्यासह.

## ८. काचेवर खात्री

आकड्यांतून निघालेली गोष्ट स्लाइडवर दिसली पाहिजे, आणि त्यासाठी पॅथॉलॉजिस्टला पहिल्या महिन्यातच भेटा. लिम्फोसाइट गाठीत सर्वत्र शिरलेत, फक्त कडेला थांबलेत की नाहीतच, हे एका साध्या एच अँड ई (नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगाच्या) स्लाइडवरून कळतं. बल्क आरएनएवरून ते कधीच कळत नाही.

मेलॅनिनमुळे इथे खास अडचण येते. इम्यूनोहिस्टोकेमिस्ट्रीत (ऊतीतलं ठरावीक प्रथिन रंगवून दाखवणाऱ्या तपासणीत) नेहमीचा डॅब रंग तपकिरी असतो आणि मेलॅनिनही तपकिरी. गडद गाठीत सीडी८ मोजणं अशक्य होतं. लाल रंगाचं क्रोमोजेन (रंग देणारं रसायन) मागा. मेलॅनोमा पेशींच्या केंद्रकासाठी सॉक्स१० चांगलं. मेलॅनिन आरएनएसोबतही निघतं आणि पीसीआर दाबतं. नमुना तपकिरी दिसला तर कॉलमने पुन्हा स्वच्छ करा किंवा पातळ करून बघा, नाहीतर ‘जीन नाही’ असा खोटा निकाल येतो. पॅराफिन ब्लॉकमधल्या आरएनएसाठी आरआयएन (आरएनए किती शाबूत आहे याचा) आकड्यावर विसंबू नका, डीव्ही२०० (२०० न्यूक्लिओटाइडहून लांब तुकड्यांचा टक्का) विचारा.

## ९. आपल्याकडच्या रुग्णांबद्दल

टीसीजीएतले रुग्ण जवळजवळ सगळे गोऱ्या वंशाचे आहेत आणि त्यांचा मेलॅनोमा मुख्यतः उन्हाने झालेला. भारतात मेलॅनोमा विरळा आहे आणि जो दिसतो त्यात तळपाय, नखाखालची जागा आणि श्लेष्मल त्वचा यांचा वाटा मोठा. यातल्या ॲक्रल (तळपाय, तळहात, नखाखालच्या) मेलॅनोमात म्युटेशन कमी, गुणसूत्रांची मोडतोड जास्त, बीआरएएफमधलं म्युटेशन कमी. टी पेशींना ओळखायला सापडणाऱ्या खुणाही त्यामुळे कमी असू शकतात. टीसीजीएवर बांधलेला जीन-स्कोअर परळच्या टाटा मेमोरियलमध्ये आलेल्या तळपायाच्या गाठीला जसाच्या तसा लावू नका.

तुमच्या विभागात मेलॅनोमाचे ब्लॉक मोजकेच असतील तर त्वचेच्या इतर कर्करोगांकडेही बघा. स्क्वॅमस सेल कार्सिनोमासाठी जीएसई१४४२३६ आणि बेसल सेल कार्सिनोमावर पीडी-१ (चेकपॉइंट) उपचाराआधी-नंतर घेतलेला जीएसई१२३८१३ हे दोन सिंगल सेल संच खुले आहेत. वरच्या पायऱ्या त्यांनाही लागू पडतात, फक्त पीमेलऐवजी कर्करोगाच्या पेशींना केराटिनची जीन्स शोधा. आणि स्क्वॅमस गाठीशेजारचं निरोगी केराटिनोसाइट तीच केराटिन दाखवतं, तेव्हा तिथे इनफरसीएनव्ही वगळून चालणार नाही.

रुग्णालयातून ब्लॉक मागताना अर्जात चार गोष्टी लिहा: किती ब्लॉक, प्रत्येकातून किती मायक्रॉनचे किती काप, निदानासाठी पुरेशी ऊती मागे राहील याची हमी, आणि उरलेले काप कोणाकडे परत जातील. पॅथॉलॉजी विभागाला सर्वांत जास्त काळजी तिसऱ्या मुद्द्याची असते. रुग्णाला पुढे म्युटेशनची तपासणी लागली तर तोच ब्लॉक पुन्हा बाहेर काढायचा असतो.